सहीच्या आधी थोडी शोधाशोध

मैत्रिणींनो, कुणी रानातून येऊन टेकल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. ऐकता ऐकता एक वही आणि पेन तेवढं जवळ घ्या. आज काही नावं, काही तारखा आणि दोन-तीन फोन नंबर सांगणार आहोत. ते लिहून ठेवले तर कधीतरी उपयोगी पडतील.

विषय आहे कायदा शोधण्याचा. वकिलाकडे जाऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. वकिलाकडे, तलाठ्याकडे किंवा भावाकडे जाण्याआधी आपल्या हातातल्या मोबाइलवर काय बघता येतं आणि ते कसं पारखून घ्यायचं, एवढंच सांगणार आहोत. आम्ही स्वतः हे एका हक्कसोडपत्रामुळे शिकलो.

आमच्या गटात एक मावशी आहेत. माहेर गोदाकाठचं. लग्न १९८९ सालचं. वडील १९९८ मध्ये वारले. आजोबांपासून चालत आलेली जमीन. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर आईचं आणि दोन भावांचं नाव लागलं, मावशी आणि त्यांच्या बहिणीचं नाव मात्र ‘इतर हक्कात’ गेलं. तुमच्यापैकी कितीजणींचं असंच झालंय, ते तुम्हालाच ठाऊक. गेल्या वर्षी आई गेली. वर्षश्राद्ध झालं आणि आठ दिवसांत भावाचा फोन आला, “अक्का, रजिस्ट्रीत सही करायला ये. एका दिवसाचं काम आहे. गाडी पाठवतो.”

मावशींनी विचारलं, “कशाची सही?” तर भाचा म्हणाला, “हक्कसोडपत्र आहे आत्या. तसंही तुम्हाला कायद्यानं काही येत नाही. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही. हे बघा, मोबाइलवर आहे.” आणि त्यानं खरोखरच एक बातमी दाखवली.

मावशी त्या महिन्याच्या बैठकीत गप्प बसून होत्या. हप्ता भरला, सही केली, पण बोलल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, “नसेल मिळत तर नसो. पण नाहीच म्हणतात, तर मग सही कशाला पाहिजे माझी?”

या एका प्रश्नानं आम्हाला कामाला लावलं. हक्कच नसेल तर सोडायचा काय? आमच्या सीआरपी ताईंनी मोबाइल काढला आणि आम्ही सहाजणी तिथेच बसलो.

पहिला धडा तिथेच मिळाला. आधी आम्ही ‘मुलींचा जमिनीत हक्क’ असं टाकून शोधलं. शेकडो व्हिडिओ आले. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. कुणी कुठल्या सालाचं बोलतंय, तेच कळेना. तेव्हा ताई म्हणाल्या, “लोक काय म्हणतात ते राहू द्या. कायदा काय म्हणतो ते बघू.” कायदा जसाच्या तसा वाचायला सरकारची एक जागा आहे. तिचं नाव इंडिया कोड. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे तिथे मोफत आहेत. कायद्याचं नाव आणि साल टाकायचं, एकेक कलम उघडायचं. सरकारी जागा ओळखायची खूण म्हणजे पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं. ही खूण वहीत लिहा.

तिथे आम्ही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ उघडला. त्यातलं कलम ६ काढलं. मजकूर इंग्रजी होता. गटातल्या एका सुनेचं बारावीपर्यंतचं शिक्षण त्या दिवशी कामाला आलं. हळूहळू चित्र उलगडलं.

भाच्याची बातमी खोटी नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली या कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली होती. मुलीला जन्मानं मुलासारखा हक्क दिला, पण त्या दुरुस्तीच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे १९८९ ला लग्न झालेल्या मावशी बाहेर. बातमी त्या काळाची होती आणि त्या काळी बरोबर होती.

पण पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशासाठी नवी दुरुस्ती लागू झाली. तिच्यात लग्न झालं की नाही, कधी झालं, ही अट उरली नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं मुलाइतकीच वाटेकरी झाली.

आम्ही खूश झालो. एकीनं तर लगेच भावाला फोन लावायला सांगितलं. पण ताई म्हणाल्या, थांबा. कायदा वाचला म्हणजे अर्धं काम झालं. कोर्टानं त्याचा अर्थ काय लावला तेही बघावं लागतं. निकाल वाचायला एक मोफत जागा आहे, इंडियन कानून. ती सरकारी नाही. २००८ साली एका भारतीय संगणक अभियंत्यानं ती सुरू केली. सुप्रीम कोर्ट, हायकोर्टं आणि बऱ्याच न्यायाधिकरणांचे निकाल तिथे शोधता येतात. वकीलसुद्धा ती वापरतात.

तिथे आम्हाला सुप्रीम कोर्टाचा २०१५ सालचा निकाल सापडला, प्रकाश विरुद्ध फुलवती. त्यात म्हटलं होतं, २००५ च्या कायद्याचा फायदा मिळायला ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगी जिवंत पाहिजे आणि तिचे वडीलही जिवंत पाहिजेत. मावशींचे वडील तर १९९८ मध्येच गेलेले. आम्ही गप्प झालो. मावशी म्हणाल्या, “चला, सुटला प्रश्न,” आणि चहा टाकायला उठल्या.

त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो असतो, तर मावशींनी दुसऱ्या आठवड्यात सही केली असती. तीसुद्धा सुप्रीम कोर्टाचा खरा निकाल वाचून. म्हणूनच ही गोष्ट आज सांगतो आहोत. खोट्या माहितीपासून सावध राहा असं सगळेच सांगतात. आमची फसगत खऱ्या कागदानं व्हायची होती.

इंडियन कानूनवर निकाल उघडला की पुढच्या कोणकोणत्या निकालांत त्याचा उल्लेख झाला, त्याची यादी मिळते. आमच्या सुनेनं सहज ती उघडली. त्यात ११ ऑगस्ट २०२० चा निकाल दिसला, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी दिलेला. त्यात स्पष्ट सांगितलंय की मुलीचा हक्क जन्मानं येतो, त्यामुळे २००५ साली वडील हयात होते की नव्हते याचा काही संबंध नाही. आणि २०१५ चा निकाल या मुद्द्यावर आता चालणार नाही, हेही त्यात लिहिलंय.

चहा तसाच राहिला. मावशींनी ती ओळ तीनदा वाचून घेतली.

बघा मैत्रिणींनो, १९९४, २००५, २०१५, २०२०. चार पायऱ्या. एकेका पायरीवर कागद खरा आहे, पण उभं राहायचं ते शेवटच्या पायरीवर. म्हणून मोबाइलवर कायद्याचं काही दिसलं की आधी विचारा, हे कोणत्या तारखेचं आहे? आणि त्यानंतर काही बदललं का? सुप्रीम कोर्टाची स्वतःची मोफत जागाही आहे, ई-एससीआर. जानेवारी २०२३ मध्ये ती सुरू झाली. काही निकालांचं मराठी भाषांतरही सुप्रीम कोर्ट देतं. प्रत्येक निकाल मराठीत मिळेलच असं नाही, आणि भाषांतर समजून घेण्यापुरतं असतं, कोर्टात मूळ इंग्रजीच धरतात. तरी आपल्या भाषेत दोन पानं वाचली की वकिलाशी बोलताना जीभ अडखळत नाही.

आता यातल्या दोन अटी नीट ऐका, नाहीतर आमच्या भाषणावरून कुणी घाईनं भांडायला जाईल.

पहिली अट. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल, म्हणजे नोंदणी केलेलं वाटणीपत्र असेल किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल, तर २००५ च्या कायद्यानं ती वाटणी मोडत नाही. त्या तारखेआधी झालेल्या विक्रीलाही धक्का लागत नाही. “आमची तोंडी वाटणी झाली होती,” एवढं म्हणून मात्र भागत नाही. तोंडी वाटणी सहसा मान्य होत नाही, तिला पक्का सरकारी कागदोपत्री आधार लागतो, असं २०२० च्या निकालातच आहे.

दुसरी अट. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुसलमान बहिणींचा वारसा शरियतप्रमाणे ठरतो. तिथे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, पण वाटा असतोच, शून्य नसतो. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. म्हणजे तारखेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न, हा कायदा मला लागू आहे का?

आणि ‘कुठला’ कायदा, हेही बघा. आपल्या मराठवाड्याचं एक उदाहरण सांगतो. शेजारच्या वस्तीवरची एक बाई कुळाच्या जमिनीसाठी धडपडत होती. तिच्या पोरानं मोबाइलवर कुळकायदा शोधला आणि १९४८ चा मुंबईचा कुळकायदा छापून आणला. पानंच्या पानं. पण आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. पश्चिम महाराष्ट्राचा कायदा वेगळा, विदर्भाचा वेगळा. कलमांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. पुण्याच्या वकिलाचा व्हिडिओ कितीही चांगला असला, तरी आपल्या जमिनीला तो लागेलच असं नाही.

नावाचाही घोळ होतो. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. म्हणून शोधताना एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्या नावानं शोधा, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, दोन्ही. जुने निकाल तर औरंगाबाद खंडपीठ या नावानंच सापडतात. जालना रोडवरचं ते खंडपीठ १९८१ सालापासून आहे. त्याच्या आधी हायकोर्टाचं काम असलं की आपल्या माणसाला थेट मुंबई गाठावी लागायची. आता त्याच हायकोर्टाचे आदेश घरी बसून वाचता येतात.

कायदा झाला. आता आपल्या जमिनीचे कागद.

सातबारा आणि आठ अ बघायला राज्य सरकारचं महाभूलेख आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. हा फुकट आहे, पण फक्त माहितीसाठी. बँकेत, कचेरीत द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा सातबारा काढायचा, त्याला १५ रुपये शुल्क लागतं. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा माहेरचा सातबारा स्वतः बघितला, तो असा. ‘इतर हक्कात’ आपलं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं.

दुसरी जागा, आपली चावडी. पूर्वी चावडीवर नोटीस लागायची, बाईमाणसाला ती कधी दिसायची नाही. आता ती मोबाइलवर दिसते. गावात कुठला फेरफार चालू आहे, त्यावर हरकत कधीपर्यंत घेता येईल, हे तिथे कळतं. नोटीस निघाल्यापासून हरकतीला साधारण १५ दिवस असतात. सासर एका तालुक्यात आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात असलं तरी महिन्यातून एकदा माहेरचं गाव उघडून बघायला काही पैसे पडत नाहीत. हरकत मात्र लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. फोनवर सांगितलेली हरकत कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरी जागा, नोंदणी व मुद्रांक विभागाचा ई-सर्च. गट नंबर आणि साल टाकून त्या जमिनीचा कुठला दस्त रजिस्ट्रीत नोंदला गेलाय, ते सूची क्रमांक दोनमध्ये बघता येतं. आम्ही तिथे एकेक साल तपासलं. २००४ च्या आधी वाटणीपत्र दिसलं नाही. पण जुन्या सालांची नोंद संगणकावर असेलच असा भरवसा नको. म्हणून मावशींनी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. मोबाइलवर सापडलं नाही, याचा अर्थ कागदच नाही, असा होत नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे मालकी नाही, असं नसतं. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. नोंदीनं मालकी जन्मत नाही आणि नाव नसल्यानं ती मरत नाही. मात्र रजिस्ट्रीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, तर तो हक्क खरंच सुटतो. “पुढं बघू, आता नुसती सही कर,” असं तिथे काही नसतं. ती सही मागे घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि फसवणूक झाली हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

आता ज्यांची केस आधीच कोर्टात आहे, त्यांच्यासाठी. आमच्या गटातली एक लेक पोटगीच्या केससाठी दर तारखेला कन्नडकडून सकाळची गाडी धरायची. मजुरी बुडवून, लेकराला काखेत घेऊन. कित्येकदा तिथे गेल्यावर कळायचं, आज काम नाही, पुढची तारीख. तिला आम्ही ई-कोर्ट्स दाखवलं. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर नंबर असतो. आपल्याकडच्या केसचा नंबर एमएच या दोन अक्षरांनी सुरू होतो. वकिलाकडून तो मागून घ्या. तो आपलाच आहे, मागायला लाजू नका. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं आणि कोर्टानं काढलेला आदेश दिसतो. नंबर नसेल तर पक्षकाराचं नाव आणि साल टाकूनही केस शोधता येते. साधा फोन असेल तर ९७६६८९९८९९ या नंबरवर मेसेज करायचा. आधी इंग्रजी मोठ्या अक्षरांत ई, सी, ओ, यू, आर, टी, एस, मग थोडी जागा सोडून सीएनआर नंबर. उलट मेसेज येतो. आता ती लेक निघायच्या आधी तारीख बघते. काही शंका असली तर वकिलाला फोन करते. तारीख ॲपवर दिसली नाही म्हणून कोर्टात जायचं सोडू मात्र नका.

मैत्रिणींनो, कायदा असा सगळ्यांना फुकट वाचायला मिळावा, ही काही आपल्याच देशातली गोष्ट नाही. पूर्वी जगभर निकालांची पुस्तकं महाग असायची, वकिलांच्या कपाटात असायची. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं कायदे इंटरनेटवर मोफत ठेवायला सुरुवात केली. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन विद्यापीठांनी मिळून ऑस्टली सुरू केलं. पुढे देशोदेशीचे असे साठे एका जागी शोधता यावेत म्हणून वर्ल्डली आलं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला परदेशाचं काय करायचंय? एक ऐका. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथेही शेती, तिथेही भावाबहिणींची वाटणी. तिथल्या एका घरात मुलींना मुलांपेक्षा कमी जमीन मिळाली होती. मुली लग्न करून दुसऱ्या घरी जाणार, असं सांगितलं जात होतं. ओळखीचं वाटतंय ना? प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. एप्रिल २००५ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं मुलींना मुलांच्या बरोबरीनं धरलं. त्या निकालात स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याच्या जागतिक कराराचा आधार घेतलाय. आपल्या भारतानंही १९९३ मध्ये तोच करार मान्य केलाय. रोनो विरुद्ध रोनो हा तो निकाल. ‘केनिया लॉ’ या जागेवर कुणालाही मोफत वाचता येतो, तुम्हालाही. तो निकाल आपल्या कोर्टाला बांधील नाही, त्यानं मावशींची केस जिंकता येणार नाही. पण हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मी एकटीच वाईट बहीण नाही तर.” तेवढ्यासाठीही कधी लांबचं वाचावं.

ज्यांच्या घरातलं कुणी आखाती देशात कामाला जातंय, त्यांना तर परदेशाचं बघावंच लागतं. एजंट नोंदणी केलेला आहे की नाही ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेटवर तपासता येतं. त्या देशाचे कामगार कायदे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नॅटलेक्स या साठ्यात शोधता येतात. पासपोर्ट आणि पैसे हातावर ठेवण्याआधी बघा.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी.

एक, मोबाइलचं भाषांतर. इंग्रजी कागदाचा फोटो काढला की मोबाइल मराठी करून देतो, सोय चांगली आहे. पण कायद्याची इंग्रजी वेगळी. त्यात ‘इश्यू’ म्हणजे कधी मुद्दा, तर कधी मूलबाळ. ‘विल’ म्हणजे मृत्युपत्र. ‘सूट’ म्हणजे दावा. यंत्रानं चुकीचा अर्थ धरला तर निपुत्रिक वारलेला माणूस ‘मुद्द्याशिवाय’ मरेल. वाक्य विचित्र वाटलं की मूळ कागद जाणकाराला दाखवा.

दोन, मोबाइलला प्रश्न विचारला की लगेच उत्तर देणारी नवी यंत्रं आली आहेत. ती बोलतात गोड आणि ठाम. पण कधी कधी नसलेले निकाल रचून सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनीच अशा यंत्राचे सहा निकाल न तपासता कोर्टात दिले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. शिकलेल्या वकिलांचं हे झालं, तर आपण दुप्पट जपायला हवं. यंत्रानं निकालाचं नाव सांगितलं तर ते नाव इंडियन कानून किंवा ई-एससीआरवर टाकून बघा. तिथे सापडलं, उघडून वाचलं, तरच खरं.

तीन, व्हॉट्सॲपवर फिरणारे शासन निर्णय, म्हणजे जीआर. अमुक योजना आली, तमुक अट निघाली. प्रत्येक जीआरवर संगणक सांकेतांक नावाचा लांबलचक आकडा असतो. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या जागेवर तो आकडा टाकला की खरा जीआर उघडतो, तोही मराठीत. नाही उघडला तर पुढे पाठवू नका आणि फॉर्मचे पैसे तर कुणाला मुळीच देऊ नका.

हे सगळं शोधलं, मग पुढे? पुढे माणूस लागतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. उत्पन्नाची अट नाही. पिवळं कार्ड आहे का, केशरी आहे का, हा प्रश्नच नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, शहरात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन नंबर आहे १५१००. दुसरा नंबर टेली-लॉचा, १४४५४. तिथे फोनवर वकिलाचा सल्ला मिळतो. गावातल्या सीएससी केंद्रातूनही टेली-लॉला जोडून घेता येतं.

आम्ही मावशींसोबत विधी सेवा समितीत गेलो. जाताना एका पिशवीत सातबारा, फेरफारांच्या नकला, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले आणि एका कागदावर दोन निकालांची नावं होती. वकीलबाईंनी तो कागद बघितला आणि हसल्या. म्हणाल्या, “बाकीच्या बायका विचारतात, मला काही मिळेल का? तुम्ही विचारताय, माझा वाटा किती?” मग त्यांनी आमच्या लक्षात न आलेली गोष्ट सांगितली. आईच्या नावावर जो वाटा होता, त्यातही मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत. हे आम्हाला मोबाइलनं सांगितलं नव्हतं, कारण आम्ही ते विचारलंच नव्हतं.

मावशी रजिस्ट्रीच्या दिवशी माहेरी गेल्या. गाडी आली होती, गाडीतच गेल्या. भावाला म्हणाल्या, “मी सही करणार नाही असं म्हणत नाही. पण मी काय सोडतेय, ते आधी मला कळू दे. वाटा किती ते मांडू, मग त्यातलं तुला किती द्यायचं ते मी सांगेन.” त्या दिवशी सही झाली नाही.

त्या दिवाळीला भाऊ भाऊबीजेला आला नाही. हेही आम्ही लपवत नाही. मावशींनी ताट वाढून ठेवलं होतं, ते संध्याकाळी नातवाला दिलं. कायदा शोधून हे दुखणं टळत नाही. संक्रांतीनंतर धाकट्या भावाचा फोन आला, वाटणीचं बोलायला बसू म्हणाला. वाटणी अजून झालेली नाही, बोलणं चालू आहे. मावशी पूर्ण हिस्सा घेतील, की थोडा ठेवून बाकीचा भावांना देतील, ते त्यांचं त्या ठरवतील. हक्कसोड करणं गुन्हा नाही. एखादी बहीण आनंदानं करते. फक्त तिला ठाऊक असावं की आपण काय देतोय.

म्हणून वहीत शेवटचे पाच प्रश्न लिहा. कायद्याचं काही दिसलं की विचारा: हे कुणी लिहिलंय? कोणत्या तारखेचं आहे? त्यानंतर बदललंय का? मला आणि माझ्या भागाला लागू आहे का? आणि मी वाचलं ते बरोबर आहे का, हे कुणाला दाखवू?

पुढच्या बैठकीला गटात एक काम करा. हप्ता गोळा झाला की पंधरा मिनिटं मोबाइल मध्ये ठेवा आणि प्रत्येकीनं आपल्या माहेरचा गट नंबर टाकून सातबारा बघा. गट नंबर ठाऊक नसेल तर आईला फोन करून विचारा. फोन कशासाठी केला हे तिनं विचारलं, तर खरं सांगा. कदाचित तिचंही नाव कुठल्यातरी सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ असेल.